दमसास वयाने किती जातो आणि सरावाने किती राहतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे विवेचन इतर वाचकांनाही समजेल. तुमचे वय ६१ वर्षे आहे. तुम्ही साताऱ्यात राहता आणि गेली ३५ वर्षे नियमित धावता. वयाच्या ४५ व्या वर्षी ट्रेडमिलवर केलेल्या चाचणीत तुमची कमाल ऑक्सिजन-ग्रहणक्षमता, म्हणजेच धावपटूंच्या बोलण्यातला व्हीओटू मॅक्स, दर किलो वजनामागे मिनिटाला ५६ मिलिलिटर आली होती. गेल्या महिन्यात तशाच चाचणीत ती ४४ आली. त्या वेळी कमाल नाडी १७८ होती, आता १६७ आहे. वजन ५८ किलोवरून ६२ किलो झाले आहे. अर्धमॅरेथॉनची वेळ १ तास ३१ मिनिटांवरून १ तास ५२ मिनिटांवर गेली आहे. आठवड्याचे ६० किलोमीटर कायम आहेत, मात्र गुडघा दुखू लागल्यापासून सहा वर्षे वेगाचा सराव पूर्ण बंद आहे. ही घसरण वयाचीच मानावी का, आणि अंतर ८० किलोमीटरपर्यंत वाढवले तर गेलेले परत येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे की, तुमच्या १२ मिलिलिटरच्या घसरणीत केवळ वयाचा वाटा साधारण एक तृतीयांश असावा, आणि अंतर वाढवल्याने उरलेला वाटा भरून येणार नाही. गेली अनेक वर्षे मी अशा चाचण्या करत आलो आहे आणि पन्नाशी-साठीचे धावपटू आपली सगळी घसरण वयाच्या नावावर लिहून मोकळे होतात, हे सातत्याने पाहिले आहे. त्यांच्या दैनंदिनीची पाने मागे उलटली की बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते.

हिशेब कसा करायचा ते सांगतो. शरीराने एका मिनिटात वापरलेला ऑक्सिजन हा तीन गोष्टींचा गुणाकार असतो: हृदयाचे मिनिटाला पडणारे ठोके, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त, आणि त्या रक्तातून स्नायूंनी काढून घेतलेला ऑक्सिजन. यांपैकी पहिल्या घटकावर सरावाचे काही चालत नाही. हृदयाची लय ठरवणाऱ्या पेशींचा मूळचा वेग वयाबरोबर मंदावतो आणि ॲड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकांना हृदयाकडून मिळणारा प्रतिसादही कमी होतो. त्यामुळे कमाल नाडी वर्षाला सरासरी ०.७ ठोक्याने उतरते, मग माणूस आयुष्यभर धावलेला असो वा खुर्चीत बसलेला. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असे सूत्र मांडले. २२० वजा वय हे जुने सूत्र साठीच्या पुढे नाडी वाजवीपेक्षा कमी दाखवते. तुमचे दोन्ही आकडे नव्या सूत्राच्या अगदी जवळ आहेत, तेव्हा तुमचे हृदय आपल्या वयाप्रमाणेच वागते आहे.

१७८ वरून १६७ म्हणजे सुमारे ६ टक्के घट. बाकी सर्व काही ४५ व्या वर्षीसारखे राहिले असते, तर ५६ चे साधारण ५२.५ झाले असते. आता वजन घ्या. हा आकडा दर किलोमागे मोजला जातो, त्यामुळे अंगावर चढलेले चार किलो त्याला भागतात, आणि ५२.५ चे ४९ होतात. यात हृदय किंवा स्नायू यांचे काहीच बिघडलेले नसते. ४९ आणि ४४ यांच्यातला जो पाच मिलिलिटरचा फरक उरतो, त्याचे स्पष्टीकरण वयात थोडे आणि सहा वर्षांच्या एकसुरी सरावात बरेच आहे. हे गणित ढोबळ आहे, दोन चाचण्यांच्या यंत्रांतही थोडा फरक असू शकतो. पण कुठे लक्ष द्यायचे हे ठरवायला ते पुरेसे आहे. तुमचा अर्धमॅरेथॉनचा वेगही सुमारे १९ टक्क्यांनीच उतरला आहे, म्हणजे जवळपास ग्रहणक्षमतेइतकाच. यावरून धावण्याची काटकसर, म्हणजे ठरावीक वेगाला लागणारा ऑक्सिजन, तुम्ही चांगली राखली आहे असे दिसते. अनुभवी धावपटूंमध्ये ही काटकसर वयाबरोबर फारशी बिघडत नाही, हे इतर अभ्यासांतही आढळले आहे.

सर्वसाधारण बैठ्या माणसाची ग्रहणक्षमता तिशीनंतर दर दशकाला सुमारे १० टक्के उतरते. जोमाने सराव चालू ठेवणाऱ्यांत ही घट निम्म्याने, म्हणजे सुमारे ५ टक्के असते, असे १९८० च्या दशकापासून सांगितले जाते. हा निम्म्याचा आकडा ऐकायला सुखद आहे, पण तो कोणाला लागू पडतो याकडे दुर्लक्ष होते. १९८७ मध्ये पोलॉक आणि सहकाऱ्यांनी २४ ज्येष्ठ धावपटूंचा दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. सगळ्यांनी धावणे चालू ठेवले होते, पण त्यांतल्या ११ जणांनीच सरावाची तीव्रता पूर्वीसारखी राखून स्पर्धा चालू ठेवल्या होत्या. या ११ जणांची ग्रहणक्षमता दहा वर्षांत ५४.२ वरून ५३.३ वर आली, म्हणजे जवळजवळ जागची हलली नाही. उरलेल्या १३ जणांची ५२.५ वरून ४५.९ वर आली. कमाल नाडी मात्र दोन्ही गटांत सारखीच, सात ठोक्यांनी उतरली होती. पहिल्या गटाच्या हृदयाने दर ठोक्याला अधिक ऑक्सिजन पोहोचवून ठोक्यांची तूट भरून काढली होती. तुमचे चित्र दुसऱ्या गटाशी इतके जुळते की, मला या अभ्यासाची आठवण पत्र वाचतानाच झाली.

त्याच धावपटूंच्या पुढच्या दशकात मात्र तीव्रता राखणाऱ्यांचीही क्षमता उतरली, हेही सांगायला हवे. दहा वर्षे थोपवता येते, कायमचे नाही. अमेरिकेतल्याच आणखी एका पाठपुराव्यात साठीतल्या धावपटूंची घसरण त्याच वयाच्या बैठ्या पुरुषांपेक्षा अधिक निघाली, कारण आठ-नऊ वर्षांत पूर्वीचा जोर टिकवणारे त्यांच्यात मोजकेच उरले होते. ज्याच्याकडे अधिक आहे त्याचे अधिक जाऊ शकते. यातून धावणे हानिकारक आहे असा निष्कर्ष काढू नये. इतकी घसरण होऊनही ते धावपटू आपल्या समवयस्कांच्या बरेच वर होते.

आयुष्याच्या तिसऱ्या दशकापासून आठव्यापर्यंत सराव टिकवला तर काय होते, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण उत्तर स्वीडनचे आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ट्रॅप आणि सहकाऱ्यांनी आयुष्यभर बर्फावरचे लांब पल्ल्याचे स्कीइंग करत आलेल्या नऊ पुरुषांची चाचणी घेतली. सर्वांचे वय ८० च्या पुढे होते आणि त्यांची सरासरी ग्रहणक्षमता ३८ होती. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या त्याच वयाच्या निरोगी पण सराव नसलेल्या पुरुषांची २१ होती. जिना चढणे, पिशव्या उचलून आणणे, स्वतःचे सगळे स्वतः करणे यांसाठी साधारण १७ ते १८ मिलिलिटरची क्षमता लागते, असे या क्षेत्रात मानले जाते. म्हणजे २१ वाला माणूस स्वावलंबनाच्या काठावर उभा असतो. एक मोठे आजारपण त्याला काठाखाली ढकलू शकते. ३८ वाल्याला तिथवर यायला खूप मोठी उतरण आहे. तुमचे ४४ या दृष्टीने पाहिले तर अर्धमॅरेथॉनला वाढलेल्या २१ मिनिटांचे दुःख बरेच हलके होईल, असे मला मनापासून वाटते.

आता हृदयाच्या दुसऱ्या घटकाकडे, म्हणजे ठोक्यामागच्या रक्ताकडे वळतो. वयाबरोबर हृदयाची डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा खालचा कप्पा, ताठर होत जाते, सैल पडून भरायला तिला वेळ लागतो. टेक्सासमधल्या डॅलस येथे लेव्हिन यांच्या गटाने या ताठरपणावर वर्षानुवर्षे काम केले आहे. किमान २५ वर्षे आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांची जवनिका तरुणांसारखी लवचीक आढळली. दोन-तीन दिवस करणाऱ्यांत हा लाभ पुरेसा दिसला नाही. याच गटाने २०१८ मध्ये ४५ ते ६४ वयाच्या, आधी बैठ्या असलेल्या लोकांना दोन वर्षे पद्धतशीर सराव दिला, ज्यात तीव्र इंटरव्हलही, म्हणजे मध्ये विश्रांती घेत केलेले जोराचे छोटे टप्पेही, होते. त्यांची ग्रहणक्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढली आणि जवनिकेचा ताठरपणा कमी झाला. सत्तरीच्या आसपास प्रथमच व्यायाम सुरू करणाऱ्यांत एका वर्षाच्या सरावाने क्षमता वाढली, पण ताठरपणा सुटला नाही. तुमचे हृदय गेली ३५ वर्षे कामात आहे, त्यामुळे तुम्हाला हे नव्याने कमवायचे नाही. आठवड्याचे दिवस चारच्या खाली येऊ न देणे एवढेच पथ्य आहे.

डॅलसचाच आणखी एक जुना प्रयोग मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ खेळाडूला सांगतो. १९६६ मध्ये पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवले होते. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचे जितके नुकसान केले होते त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांनी केले होते असे दिसले. पन्नाशीला त्यांना सहा महिने सराव दिल्यावर ते विशीतल्या आपल्या मूळ पातळीवर परत आले. हृदयातून बाहेर पडणारे कमाल रक्त मात्र वाढले नव्हते. सगळी भरपाई स्नायूंनी रक्तातून अधिक ऑक्सिजन शोषून केली होती. स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका या वयातही मागणीला दाद देतात, हे त्यावरून कळते.

या प्रयोगाचा दुसरा अर्थ खंडाविषयी आहे. चांगल्या सरावातल्या खेळाडूंनी धावणे थांबवले तर तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के आणि दोन-तीन महिन्यांत १६ टक्क्यांपर्यंत क्षमता जाते, असे १९८४ च्या एका अभ्यासात दिसले. तरुण हे लवकर भरून काढतो. साठीच्या माणसाला त्याला बराच अधिक काळ लागतो, आणि भरून होण्याआधी पुढचा खंड आला तर जिना एकेक पायरीने खालीच जातो. डेंग्यू, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, घरातले लग्न, पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावरची पडझड, अशी कारणे मी नोंदवहीत पाहतो. प्रत्येक कारण योग्यच असते. पण अशा काळात धावता आले नाही तरी घरात स्थिर सायकल चालवणे, जिने चढणे, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर भरभर चालणे, यांनी गळती बरीच रोखता येते. आजारी असताना नव्हे, बरे होताना.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. ६० चे ८० किलोमीटर करू नका. तुमच्या दुखऱ्या गुडघ्यावर आठवड्याला हजारो पावलांचा भार वाढेल आणि हृदयाला त्याची नवी मागणी जवळजवळ नसेल, कारण ते सगळे किलोमीटर तुम्ही त्याच एका मध्यम वेगात धावणार. मध्यम वेग हा ज्येष्ठ धावपटूंचा आवडता मुक्काम असतो: दम फारसा लागत नाही, घाम येतो, समाधान मिळते. पण तो सोप्या दिवसासाठी जरा जास्त आणि कठीण दिवसासाठी फारच कमी असतो.

माझा सल्ला असा आहे की, तीव्रता परत आणा, आणि ती चढावर आणा. तुमच्या दारातच यवतेश्वरचा घाट आहे. चढावर वेग कमी असूनही नाडी वर जाते आणि पाऊल आपटण्याचा धक्का सपाटीपेक्षा कमी बसतो, म्हणून दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला चढ हा ट्रॅकपेक्षा चांगला मित्र आहे. उतार मात्र धावायचा नाही, चालत यायचे. सुरुवातीला आठवड्यातून एकच दिवस, वीस मिनिटे हळू धावून झाल्यावर चार मिनिटांचे चार चढ, मध्ये तीन-चार मिनिटे चालत परत. प्रत्येक चढाच्या शेवटच्या दोन मिनिटांत नाडी तुमच्या मोजलेल्या कमाल १६७ च्या ९० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १५० ते १५५ असावी. एखादे वाक्य पूर्ण बोलता येऊ नये, पण शेवटचा चढ पहिल्याइतक्याच वेळात व्हावा. पहिले तीन-चार आठवडे दोनच चढ करा. हे महिना-दीड महिना पचल्यावर दुसऱ्या एका दिवशी २० ते २५ मिनिटांचा टेम्पो, म्हणजे सलग जलद धावणे, घाला, ज्यात तुटक बोलता येईल इतका दम असेल. यामुळे लॅक्टेटचा उंबरठा, म्हणजे ज्याच्या पुढे रक्तात लॅक्टेट झपाट्याने साचू लागते तो वेग, वर राहतो. ज्येष्ठांच्या स्पर्धेतल्या कामगिरीत या उंबरठ्याचे मोल फार आहे, कारण ग्रहणक्षमता उतरली तरी तिचा मोठा हिस्सा तासन्‌तास वापरण्याची हातोटी वयाबरोबर टिकते, काहींमध्ये वाढतेसुद्धा.

कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये ७३ व्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली आणि ८१ व्या वर्षी त्यांची ग्रहणक्षमता ५४ मोजली गेली. ते मिल्टन गावातल्या स्मशानभूमीच्या रस्त्यावर तासन्‌तास हळू धावत असत. त्यांचे उदाहरण देऊन अनेक जण मला म्हणतात की, हळू आणि भरपूर हेच बरोबर. व्हिटलॉक त्या हळू धावण्याच्या जोडीला नियमित स्पर्धाही धावत असत, आणि तीच त्यांची तीव्रता होती, ही बाब गाळली जाते. फ्रान्सचे सायकलपटू रॉबेर मार्शां यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १०१ ते १०३ या वयात त्यांनी सरावाचा सुमारे पाचवा भाग कठीण आणि उरलेला सोपा ठेवला, तेव्हा त्यांची ग्रहणक्षमता ३१ वरून ३५ झाली. दोघेही अपवादात्मक शरीराचे होते आणि दोघांच्याही सरावात तरुणपणी मोठा खंड पडला होता, तेव्हा त्यांचे आकडे तुमचे लक्ष्य म्हणून ठेवू नका. सोपे आणि कठीण यांचे प्रमाण मात्र घेण्यासारखे आहे.

कठीण दिवसानंतर किमान दोन दिवस खरोखर सोपे ठेवा. चाळिशीत जे ४८ तासांत भरून निघत होते त्याला आता ७२ तास लागू शकतात. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम सक्तीचा समजा: बैठका, पायरीवर चढ-उतार, पोटऱ्यांचे उचल, वजन वाढवत. धावण्याने टिकतात ते मुख्यतः संथ स्नायुतंतू. जलद तंतू धावपटूंमध्येही वयाबरोबर कमी होतात, आणि चढावर किंवा शेवटच्या किलोमीटरला तेच कामी येतात. गुडघ्यालाही मांडीच्या स्नायूंचाच आधार असतो. चार किलो वजन कमी करायचे तर सावकाश, वर्षभरात, आणि डाळी, दूध, अंडी यांत कपात न करता करा. घाईने उतरवलेल्या वजनात स्नायू निघून जातो आणि आकडा सुधारला तरी पाय कमजोर होतात.

हे सर्व सुरू करण्याआधी एका गोष्टीची खात्री करून घ्या, कारण इथे मी अजिबात सवलत देणार नाही. वयाची घसरण दर वर्षी थोडी-थोडी, जवळजवळ न कळणारी असते. एका हंगामात वेळ एकदम दहा मिनिटांनी घसरली, नेहमीच्या वेगाला नाडी पंधरा-वीस ठोक्यांनी वर जाऊ लागली, किंवा छातीत दाब, चक्कर, अनियमित धडधड जाणवली, तर तिला वय म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि हृदयाची तपासणी त्याच आठवड्यात करा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातले औषध सुरू झाले असेल तर कमाल नाडी त्यानेही उतरते. डॉक्टरांना तुम्ही धावता हे सांगा, स्वतःहून गोळी बंद करू नका. स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या वासालोपेत या स्कीइंगच्या शर्यतीच्या सुमारे ५२ हजार स्पर्धकांच्या अभ्यासात, अधिक वेळा आणि अधिक वेगाने शर्यत पूर्ण करणाऱ्यांत हृदयाच्या लयबिघाडाचे, विशेषतः आलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, कंपनाचे, प्रमाण अधिक आढळले. आयुष्यभर सराव केलेल्या पुरुषांच्या हृदयधमन्यांत कॅल्शियमही समवयस्कांपेक्षा अधिक दिसू शकते. दीर्घ सरावाचा एकूण लाभ यामुळे नाहीसा होत नाही, पण आपण धावतो म्हणून हृदयविकार आपल्याला शिवणार नाही, ही समजूत मात्र धोक्याची आहे. तुमच्या अहवालासोबत श्रमकालीन ईसीजीचा कागद नव्हता. तो काढून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्यावरच घाटातले पहिले चढ सुरू करा.

किती परत येईल, हेही विचारले आहे. वजन दोन-तीन किलो उतरले आणि आठ-दहा महिने तीव्र सराव खंड न पडता झाला, तर ४७ ते ४८ पर्यंत पोहोचणे मला शक्य वाटते. ५६ येणार नाही; त्यातले ठोक्यांचे साडेतीन मिलिलिटर कायमचे गेले आहेत. मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यावर प्रगती जोखू नका. ते नाडी आणि वेग यांवरून अंदाज करते, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याच वेगाला नाडी वर गेली की तुम्ही न बिघडताही ते तुम्हाला खाली दाखवते. त्याऐवजी घाटातला एक ठरावीक टप्पा निवडा, महिन्यातून एकदा पहाटे त्याच वेळी, त्याच नाडीला तो किती मिनिटांत होतो ते लिहून ठेवा. प्रयोगशाळेतली पुढची चाचणी वर्षभराने, याच महिन्यात, त्याच यंत्रावर करून घ्या, आणि अहवाल पाठवताना मागच्या वर्षाच्या दैनंदिनीची पानेही सोबत जोडा.